वाचक विचारतात : नाताळातली मुंबई, पायी आणि सवडीने

नाताळच्या सुट्टीत मुंबई बघायला येणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. कोणत्या दिवशी यावे, चर्चमध्ये आपल्याला जाता येते का, गोडधोड कुठले घ्यावे, असे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले आहेत. त्यांतले काही निवडून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आम्ही सोलापूरहून पाचजण येतोय. सासू-सासरे सत्तरीच्या पुढचे आहेत. २४ ला सकाळी पोहोचून २६ ला परत निघायचे आहे. वांद्र्याची रोषणाई २४ च्या रात्री बघावी की २५ च्या?

दोन्ही रात्री नको. तिकिटे अजून बदलता येत असतील तर २६ ते ३० डिसेंबरमधले दोन दिवस निवडा. आमच्याकडे आलेल्या दहांतल्या आठ पत्रांना हेच उत्तर आहे, म्हणून कारणे सविस्तर सांगतो.

नाताळ एका दिवसात आटोपणारा सण नाही. २४ च्या रात्री तो सुरू होतो आणि बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांच्या सणापर्यंत चालतो. हा सण मूळचा ६ जानेवारीचा, पण आपल्याकडे तो बहुधा त्याच्या आसपासच्या रविवारी साजरा होतो. तोवर घराघरांतले कंदील आणि चौकाचौकांतल्या गव्हाण्या, म्हणजे येशूजन्माचे देखावे, जागच्या जागी असतात. उलट २४ च्या संध्याकाळी लवकर गेलात तर गव्हाणीत मरिया दिसेल, योसेफ दिसेल, गाय-गाढव आणि मेंढपाळही दिसतील, पण मधले गवत बऱ्याच ठिकाणी रिकामे असेल. बाळ येशूची मूर्ती तिथे ठेवतात ती त्या रात्रीच्या मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेच्या, वेळी. म्हणजे ज्यासाठी गेलात तेच बघायचे राहून जाते.

दुसरे कारण रस्त्याचे. वांद्रे स्टेशनपासून टेकडीवरच्या माउंट मेरी चर्चपर्यंत जेमतेम अडीच-तीन किलोमीटर अंतर. पण २४ आणि २५ च्या संध्याकाळी हिल रोडवर खरेदीची, चर्चची आणि नुसती रोषणाई बघायला आलेली अशी तिन्ही गर्दी एकाच अरुंद रस्त्यावर उतरते. पोलीस काही गल्ल्या एकेरी करतात, गाडी लावायला जागा उरत नाही आणि रिक्षा तासभर एका जागी उभी राहते. वयस्कर माणसांना त्या गर्दीत ना बसायला जागा मिळते, ना स्वच्छतागृह.

तारखा बदलणे शक्यच नसेल तर असे करा. २४ ला दुपारी फोर्टात या. सीएसएमटीपासून दहा-बारा मिनिटे चालले की हॉर्निमन सर्कलजवळ सेंट थॉमस कॅथीड्रल लागते. हे अँग्लिकन चर्च १७१८ साली नेमके नाताळच्या दिवशीच उघडले. चर्चगेट हे नाव याच चर्चमुळे पडले, आणि जुन्या मुंबईतले मैलाचे दगडही याच्यापासूनचे अंतर सांगत. आत भिंतींवर संगमरवरी स्मारके आहेत. ती बघायची तर उजेड असेपर्यंत जा, संध्याकाळी उपासनेची तयारी सुरू झाली की फिरता येत नाही. तिथून काळा घोड्यावरून रीगल सिनेमापर्यंत आणि मागच्या होली नेम कॅथीड्रलपर्यंत सपाट रस्ता आहे. सासऱ्यांना चालवत नसेल तर टॅक्सी करा. रिक्षा शोधत बसू नका; माहीम-शीवच्या दक्षिणेला रिक्षांना बंदी आहे. वांदऱ्याला २५ च्या सकाळी जा, साडेसात ते दहाच्या दरम्यान. सुट्टीमुळे तेव्हा रस्ते मोकळे असतात.

प्रश्न : आम्ही हिंदू आहोत. मध्यरात्रीच्या मिस्सेला गेलेले चालते का? चपला बाहेर काढायच्या? बारा वाजता पोहोचलो तर पुरे? (सातारा)

जायला काहीच हरकत नाही, कोणी जात-धर्म विचारत नाही. मात्र बारा वाजता पोहोचलात तर अनेक ठिकाणी आवार झाडणारी मंडळीच भेटतील. मुंबईतल्या मोठ्या चर्चमध्ये या रात्री माणसे आत मावत नाहीत, म्हणून मिस्सा बाहेर पटांगणात होते. उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा आहे. त्यामुळे 'मध्यरात्रीची' म्हणतात ती मिस्सा पुष्कळ ठिकाणी आठ-साडेआठला सुरू होऊन दहाच्या आत संपते. काही चर्चमध्ये आत, बंद दारांआड, उशिराची मिस्साही असते. प्रत्येक चर्चच्या फाटकाशी वेळापत्रकाचा फळा लावलेला असतो. आदल्या दिवशी तो बघून ठेवा. इंग्रजी, कोकणी, मराठी, तामिळ अशा भाषांच्या वेगवेगळ्या वेळाही त्यावरच कळतात.

चपला काढायच्या नसतात. पुरुषांनी टोपी काढावी. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. मिस्सा साधारण तास-सव्वा तास चालते, आणि आधी कॅरल म्हणजे नाताळची गाणी असतात. ती ऐकायची तर अर्धा तास आधी या आणि मागच्या बाकांवर बसा. पुढच्या रांगा तिथल्या कुटुंबांना राहू द्या. लोक उभे राहिले की उभे राहा, गुडघे टेकले की तुम्ही शांत बसलात तरी चालते.

एका गोष्टीत नवख्यांची हमखास चूक होते. शेवटच्या भागात लोक रांगेने पुढे जाऊन फादरच्या हातून पातळ पांढरी चकती घेतात. आपल्या देवळातल्या प्रसादासारखाच हा प्रसाद असेल असे समजून पाहुणेही रांगेत लागतात. कॅथलिकांसाठी ते प्रत्यक्ष ख्रिस्ताचे शरीर आहे आणि ते फक्त बाप्तिस्मा घेऊन तयारी झालेल्यांनीच घ्यायचे असते. आपण जागेवर बसून राहावे. दानाची थैली फिरते, तिच्यात काही टाकलेच पाहिजे असे नाही. मिस्सा चालू असताना फोटो काढू नका. संपल्यावर गव्हाणीचे खुशाल काढा.

प्रश्न : वांदऱ्याला एकच संध्याकाळ आहे. कुठून सुरुवात करावी? (अहिल्यानगर)

स्टेशनवरून चालत निघून चढण चढणे, ही बहुतेकांची चाल. तिने माउंट मेरीला पोहोचेपर्यंतच पाय दुखू लागतात. उलट करा : आधी वर जा आणि मग उतरत, सपाटीने परत या.

चारच्या सुमारास वांद्रे स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रिक्षाने थेट माउंट मेरीच्या दारात जा. रिक्षा मीटरने चालते. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आहेत आणि रात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट. आत्ताची इमारत १९०४ सालची, वास्तुरचनाकार पारशी, शापूरजी चंदाभॉय. १९५४ साली तिला बॅसिलिकाचा, म्हणजे पोपकडून मिळणारा मानाचा, दर्जा मिळाला. कोळी लोक या देवीला मोतमाउली म्हणतात. दारातल्या गाड्यांवर मेणाचे हात, पाय, घर, बाळ विकायला असतात. ज्याचा नवस त्या आकाराचे मेण वाहतात.

तिथून उतारावर दहा-पंधरा मिनिटांत वांदऱ्याचा किल्ला लागतो. पोर्तुगीजांनी १६४० साली बांधला. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या थोडा नंतर असतो, त्याच्या आधी पोहोचा. सागरी सेतूचे चित्र इथूनच सर्वांत चांगले येते. मग बँडस्टँडच्या समुद्रालगतच्या पदपथाने सेंट अँड्र्यूज चर्चपर्यंत या. १५७५ पासूनचे हे चर्च, आणि आवारातला एकाच दगडात कोरलेला उंच क्रूस अवश्य बघण्यासारखा. ख्रिस्ताच्या अखेरच्या यातनांची चिन्हे त्याच्यावर अंगभर कोरलेली आहेत. इथून हिल रोड सुरू होतो.

आता अंधार पडला असेल, म्हणजे रनवारला जायची हीच वेळ. हिल रोडच्या आतल्या बाजूला वरोडा रोड आणि चॅपेल रोड आहेत, त्यांच्या आसपास हे जुने गावठाण. कौलारू घरे, बाहेरून चढणारे लाकडी जिने, ओट्यावर टांगलेले चांदणीचे कंदील, कोपऱ्याकोपऱ्यावर क्रूस. यांतले बरेच क्रूस १८९६ च्या प्लेगच्या साथीत लोकांनी उभारले. रोग वेशीबाहेर थांबावा म्हणून. रोषणाईच्या फोटोंत हे दिसत नाही, म्हणून मुद्दाम थांबून बघा, आणि क्रूसाखाली कोरलेले साल वाचता आले तर वाचा.

सगळे मिळून साधारण पाच किलोमीटर चालणे होते, चढण जवळजवळ नाही. साडेआठपर्यंत स्टेशनला पोहोचता. बुधवार असेल तर दादर-माहीमकडून टॅक्सीने येऊ नका. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारी दिवसभर नोव्हेना, म्हणजे नवसाची खास प्रार्थना, असते आणि माहीम ते वांद्रे रस्ता तुंबतो. त्या दिवशी लोकलच बरी.

प्रश्न : नाताळात माउंट मेरीची जत्रा कोणत्या तारखेला भरते? (जालना)

भरत नाही. ती जत्रा सप्टेंबरातली : ८ सप्टेंबरच्या मरियेच्या जन्मदिवसानंतरच्या रविवारी सुरू होऊन आठवडाभर चालते.

प्रश्न : वांद्रे सोडून जुनी ख्रिस्ती वस्ती बघायची आहे. खोताची वाडी आता बघण्यासारखी उरली आहे का? (पुणे)

उरली आहे, आणि जितकी उरली आहे तितकी लवकर बघून घ्या. एकेकाळी इथे पासष्ट घरे होती. त्यांतली निम्म्याहून कमी राहिली आहेत. गिरगावातली ही जमीन अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत यांची. त्यांनी ती ईस्ट इंडियन कुटुंबांना घरे बांधायला दिली. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई, साष्टी, वसईचे मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक. ब्रिटिश अमदानीत गोवा-मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण इथले भूमिपुत्र आहोत हे ठसवण्यासाठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीवरून हे नाव घेतले. नऊवारी लुगडे, मराठी लग्नगीते, आणि गळ्यात क्रूस, असा हा समाज आहे.

चर्नी रोड स्टेशनवरून दहा-बारा मिनिटे चालत जाता येते. भुयारी मेट्रोचे गिरगाव स्टेशन त्याहून जवळ. गल्ली इतकी अरुंद की समोरून दुचाकी आली तर भिंतीला चिकटावे लागते. त्यामुळे मोठ्या गटाने जाऊ नका, चार-पाचजण पुष्कळ झाले. व्हरांडे खासगी आहेत. पायरीवर बसून फोटो काढणाऱ्यांना रहिवासी अक्षरशः कंटाळले आहेत. आधी विचारा, नाही म्हटले तर पुढे चला. संध्याकाळी साडेसहा ते आठ ही वेळ योग्य : कंदील लागलेले असतात आणि जेवणवेळ झालेली नसते.

पण तुमच्याकडे एखादी दुपारही असेल तर आमचा आग्रह माझगावच्या म्हातारपाखाडीसाठी आहे. खोताची वाडी सगळ्यांना ठाऊक असते, इथे मात्र गर्दी नसते. हे काका बाप्टिस्टांचे गाव. जोसेफ बाप्टिस्टा इथेच १८६४ साली जन्मले. लोकमान्य टिळकांचे सहकारी, होमरूल चळवळीतले पुढारी आणि १९२५ साली मुंबईचे महापौर. शाळेच्या पुस्तकात त्यांना एखादी ओळ मिळते. त्यांच्या गल्लीतून फिरताना ती ओळ जिवंत होते. लाकडी नक्षीचे सज्जे असलेली घरे, मधोमध छोटे प्रार्थनामंदिर, आणि नाताळात त्याच्यापुढे मांडलेली गव्हाणी. हार्बर मार्गावरच्या डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरा. स्टेशनच्या डोक्यावरच्या टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. पायऱ्या बऱ्याच आहेत, पण वरून बंदर आणि गोदी दिसते. आधी उद्यान आणि मग पाखाडी, असा क्रम ठेवा. टेकडीवर उजेडीच गेलेले बरे.

प्रश्न : मुलांना राणीच्या बागेत न्यायचे आहे. नाताळच्या दिवशी उघडी असते का? (नांदेड)

बाग बुधवारी बंद असते. पण बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर ती उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, बंद ठेवतात. २५ डिसेंबर बुधवारी आला की २६ ला गेलेले लोक फाटकावरून परततात ते यामुळे. तिकीट ऑनलाइन काढा आणि सकाळीच जा. नाताळच्या आठवड्यात पेंग्विनच्या दालनाबाहेरची रांग दुपारी फार लांबते. शेजारचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारी बंद असते. जवळच भायखळा स्टेशनच्या पूर्वेला ग्लोरिया चर्च आहे, मुलांना त्याचे उंच मनोरे आवडतील. घारापुरीचा बेत असेल तर सोमवार टाळा, लेणी बंद असतात. बोटीत लाइफ जॅकेट अंगात घाला, मांडीवर ठेवू नका.

प्रश्न : नाताळचा फराळ विकत घ्यायचा आहे. आम्ही अंडे खात नाही, मद्यही चालत नाही. काय घ्यावे आणि किती दिवस टिकते? (कोल्हापूर)

आधी केकबद्दल. 'एगलेस' लिहिलेल्या प्लम केकमध्ये अंडे नसते, मद्य असू शकते. काळ्या मनुका, बेदाणे, संत्र्याची साल हे सगळे कित्येक आठवडे रममध्ये भिजवतात. म्हणून दोन प्रश्न वेगवेगळे विचारा : अंडे आहे का, आणि फळे कशात भिजवली? संत्र्याच्या रसात भिजवून केलेला केकही मिळतो, पण तो तीन-चार दिवसांत संपवा. रमचा केक महिनाभर टिकतो, कारण मद्य आणि साखर दोन्ही बुरशीला रोखतात.

या फराळाला कुसवार म्हणतात. तुमच्यासाठी सर्वांत निर्धोक दोन पदार्थ : मिल्क क्रीम आणि पेरूचे चीज. मिल्क क्रीम दूध, साखर आणि काजू आटवून साच्यात घालतात, अंडे नसते. चार-पाच दिवस बाहेर टिकते, फ्रिजमध्ये अधिक. पेरूच्या चीजमध्ये नावापुरतेच चीज : पेरूचा गर, साखर, लिंबू आणि थोडे लोणी आटवून वड्या पाडलेल्या असतात. नीट आटवले असेल तर तीन-चार आठवडे राहते. वडी बोटाला चिकटत असेल तर आटवणे कमी पडले आहे, ती लवकर बुरसते.

मार्झिपॅन म्हणजे काजू-बदामाची मिठाई, तिच्यात बऱ्याचदा अंड्याचा पांढरा भाग असतो आणि कलकल म्हणजे तळलेले गोड शंख, त्यांच्या पिठात अंडे घालणाऱ्या घरांची संख्या मोठी, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नका. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच. सारण सुक्या खोबऱ्याचे असेल तर आठ-दहा दिवस टिकतात, ओल्या नारळाचे असेल तर दोन दिवसांत खाऊन टाका. बसच्या प्रवासात या ओल्या नेवऱ्याच खराब होतात आणि दोष विकणाऱ्याला लागतो.

घरगुती कुसवार करणाऱ्या बायका मागणी डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बंद करतात. २० नंतर फोन करून उपयोग नाही. तेव्हा उशीर झाला असेल तर हिल रोडच्या जुन्या बेकऱ्या आहेतच. आणि मिळाला तर बाटली मसाला घ्या : वीस-पंचवीस जिन्नस भाजून-कांडून काळ्या बाटल्यांत ठासून भरलेला ईस्ट इंडियन मसाला, वर्षभर वास सोडत नाही. मटणासाठी प्रसिद्ध असला तरी वांग्या-बटाट्याच्या रश्शातही उत्तम लागतो.

प्रश्न : मोठा चांदणीचा कंदील घ्यायचा आहे. कुठे? गेल्या वर्षीचा कागद तपकिरी पडला. (सांगली)

क्रॉफर्ड मार्केट आणि लोहार चाळीच्या परिसरात भाव कमी, निवड जास्त. रविवारी मात्र बरीचशी दुकाने बंद असतात. कागद तपकिरी पडला तो तारेच्या जुन्या बल्बच्या उष्णतेने. ४०-६० वॉटचा बल्ब कागदाला टेकला तर पेटूही शकतो. ५ ते ९ वॉटचा एलईडी लावा आणि होल्डर कंदिलाच्या मधोमध लोंबेल इतकीच वायर आत सोडा. घडीचा कंदील घ्या. तयार ताणलेला लोकलच्या डब्यातून शाबूत जात नाही.

प्रश्न : मराठीतला नाताळ अनुभवायचा आहे. मुंबईत कुठे? (छत्रपती संभाजीनगर)

मुंबईतल्या काही चर्चमध्ये मराठी मिस्सा होते, पण मनसोक्त अनुभवायचा तर वसईला जा. इथल्या चर्चची रोजची भाषाच मराठी. इंग्लंडहून गोव्यात आलेले धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचे मराठी ओव्यांतले 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली निघाले, तेव्हापासूनची ही परंपरा. चर्चगेटहून विरार लोकलने वसई रोडला सव्वा तासाच्या आत पोहोचता. पश्चिमेला उतरून पापडी, नंदाखाल, निर्मळ या बाजूला बस आणि रिक्षा जातात. गावोगावी मुले-तरुण मिळून गव्हाण्या उभारतात. कुठे खरे पाणी वाहते, कुठे केळीच्या बागेसकट अख्खे वसईचे गाव मांडलेले असते. वसईतल्या कुपारी ख्रिस्ती समाजाची कादोडी बोली कानावर पडेल, तिच्यातली गाणीही.

इथे अडचण एकच : आतल्या गावांत रात्री नऊनंतर रिक्षा मिळत नाही. जाताना ज्या रिक्षाने जाल तिलाच थांबण्याचे पैसे ठरवून परतीला धरा. दुपारी वसईचा किल्ला, संध्याकाळी गव्हाण्या, असा दिवस छान बसतो.

प्रश्न : ३१ च्या रात्री परत कसे यायचे? आणि वांदऱ्याला लहान मुले रस्त्यात पैसे का मागतात? (नाशिक)

रोजची शेवटची लोकल एकच्या सुमारास सुटते आणि मग पहाटे चारपर्यंत काही नसते. भुयारी मेट्रो तर साडेदहाच्या सुमारास थांबते. ३१ डिसेंबरच्या रात्री पश्चिम आणि मध्य रेल्वे जादा गाड्या सोडतात. त्यांच्या वेळा दोन-तीन दिवस आधी जाहीर होतात, त्या टिपून ठेवा. २४ च्या रात्री असे काही गृहीत धरू नका. टॅक्सीचे ॲप त्या वेळी तिप्पट भाव दाखवते, म्हणून स्टेशनपासून चालण्याच्या अंतरावरच राहा.

मुले मागतात ते 'ओल्ड मॅन'साठी. जुने शर्ट-पँट, पेंढा आणि टोपी घालून सरत्या वर्षाचा म्हातारा बनवतात, गल्लीच्या तोंडाशी खुर्चीत बसवतात आणि ३१ ला मध्यरात्री जाळतात. आत फटाके भरलेले असतात, तेव्हा जळताना दहा-पंधरा पावले लांब उभे राहा. खिशात दहाच्या सुट्या नोटा ठेवा. चार गल्ल्यांत चार म्हातारे भेटतात.